पाऊस उभा पडतो
परसदार : साप्ताहिक सदर

मेअखेरच्या शनिवार-रविवारी भाचीकडं राहून आले. भुदरगड तालुक्यात सासऱ्यांच्या वाट्याची वीस गुंठे जमीन, जुनं कौलारू घर, दारात आड. घरून नोकरी करायची मुभा मिळाली तेव्हा ती आणि जावई पुणं सोडून इथं आली. थोरली दहा वर्षांची, धाकटा पाचाचा. आठवडाभर दोघं कॉम्प्युटरसमोर असतात, त्यामुळं परड्यातली सगळी कामं साचतात ती सुट्टीवर. रोहिणी सरत आलेली, मृग आठवड्यावर. भिंतीवरच्या फळ्यावर सात कामं लिहिलेली होती, त्यातली तीन झाली.

त्या तीनपैकी खुराड्याची जाळी बदलणं नि जीवामृत कालवणं दुपारपर्यंत उरकलं. पन्हळीनं मात्र दीड दिवस घेतला. पावसाळ्यात इथं पाण्याला तोटा नाही, पण एप्रिल-मेत आडाचा तळ दिसतो. म्हणून यंदा निदान उन्हाळी वळवाचं पाणी धरावं असं भाचीच्या मनात. मागच्या पाख्याला वीस फूट पन्हळ, खाली जुनी प्लास्टिकची टाकी, आणि पहिलं धुळीचं पाणी बाजूला काढायला पाच फूट उभा पाइप. शेजारचे तात्या गवंडी आहेत. जावयानं त्यांना रोजानं सांगितलं आणि स्वतः त्यांच्या हाताखाली राहिला. हे मला फार आवडलं. ज्याला येतं त्याला पूर्ण रोज द्यावा आणि त्याच्याकडून शिकावं.

टाकीत किती पाणी येईल हे काढायचं काम थोरलीकडं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, एवढं आईनं सांगितलं. पोरगी शिडीवर चढून कौलांच्या उताराला टेप लावायला निघाली. तात्यांनी खालून हाक मारली, “बाळा, खाली उतर. पाऊस उभा पडतोय. पाख्याखालची जमीन मोज.” तिनं वळचणीपासून आढ्याच्या ओळंब्यापर्यंत जमीन मोजली. उतारावर चौदा फूट भरलं असतं, ते जमिनीवर बारा भरलं. वीस गुणिले बारा, म्हणजे 240 चौरस फूट, साधारण 22 चौरस मीटर. पंचवीस मिलिमीटरचा एक चांगला वळीव झाला तर 550 लिटर. हा आकडा तिनं वहीत लिहिला आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

मग लेव्हल पाइप. पारदर्शक नळीत पाणी भरून तिचं एक टोक तात्यांच्या हातात, दुसरं हिच्या. दोन्हीकडचं पाणी ठरलं की खूण करायची आणि वीस फुटांत एक इंच उतार धरायचा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला होता, तो हिला दिसला नाही. हिनं खूण केली, क्लॅम्प ठोकले गेले, पन्हळ बसली. रविवारी सकाळी वरून बादली ओतली तर पाणी मधेच साचून राहिलं. कुणी तिला बोललं नाही आणि कुणी “असू दे, लहान आहे” असंही म्हटलं नाही. क्लॅम्प काढले, नळीतला बुडबुडा टिचक्या मारून घालवला आणि खूण पुन्हा तिलाच करायला लावली. अर्धा दिवस गेला, शोषखड्डा राहिला. माझ्या मते त्या दोन दिवसांतलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

मुलांना मातीशी नातं जोडायला म्हणून शेतावर नेणारे आईबाप हल्ली पुष्कळ भेटतात. पोराच्या हातात छोटं खुरपं देतात, दोन फोटो होतात, आणि खरं काम गडीमाणूस नंतर करतो. पोराला हे कळतं. आपल्या हातच्या कामावाचून कुणाचं काही अडत नाही, हे त्याला मोठ्यांच्या आधी कळतं. मुलाला काम द्यायचं तर ते चुकलं तर सगळ्यांना भोवेल असं द्यावं. वर्ध्याला 1937 साली शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली ती याच आधारावर: हातातल्या उद्योगातून गणित, विज्ञान, भाषा. भाचीच्या घरापासून जवळच गारगोटी. तिथल्या मौनी विद्यापीठात श्री. अ. दाभोळकर गणित शिकवत. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला, दहा गुंठ्यांत एक कुटुंब कसं नीट जगेल याचा हिशेब मांडला. मोजमाप शेतकऱ्याच्या घरात यावं ही त्यांची तळमळ होती.

हे लिहिताना मला दुसरी मुलं दिसतात. याच जिल्ह्यात कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडची ऊसतोड कुटुंबं येतात. त्यांच्यातली दहा वर्षांची मुलगी वाढं गोळा करते, धाकट्याला कडेवर घेते, खोपीत भाकरी थापते. तिच्याही कामावाचून घराचं अडतं. पण तिला दमले म्हणून बसता येत नाही आणि त्या महिन्यांत तिची शाळा मागं पडते. भाचीची लेक बुडबुडा चुकवू शकते, कारण तिच्या घराचं पोट त्यावर नाही. कामातून शिकणं हवं ते या दुसऱ्या मुलीलाही, आणि ते तिला शाळेतच मिळायला हवं. याबद्दल मी या जागेतून पुन्हा लिहिणार आहे.

धाकट्याचं काम जीवामृताचं. सुभाष पाळेकरांची कृती एकरी दोनशे लिटर पाण्याची, यांची जमीन निम्मी म्हणून सगळंच निम्मं: शंभर लिटर पाणी, पाच किलो देशी गाईचं शेण, अडीच ते पाच लिटर गोमूत्र, एक किलो गूळ, एक किलो बेसन. आणि बांधावरची मूठभर माती. एवढ्यानं पिकाची गरज भागते का, यावर कृषितज्ज्ञांत मतभेद आहेत. मलाही शेणखतावाचून भागेल असं वाटत नाही. पण मूठभर माती आणणं धाकट्याकडं होतं, आणि ती येईपर्यंत पिंप झाकायचं नाही असं ठरलेलं. तो आंब्याखाली गेला, पाला बाजूला केला, वास घेतला, मूठ टाकून दिली आणि दुसरीकडं उकरलं. आई काठी धरून थांबली होती. पाच मिनिटं तरी थांबली असेल.

परवा वळीव झाला. रात्री थोरलीचा फोन.

“आज्जी, टाकीत चारशे दहा आलं.” वीस-वीस लिटरचे डबे ओतून टाकीवर रंगानं खुणा तिनंच केल्या आहेत. अंगणात सरळ कडांचा डबा ठेवला होता, त्यात पट्टीनं मोजून वीस मिलिमीटर.

“मग किती यायला हवं होतं?”

“चारशे चाळीस. पहिल्या पाण्याच्या पाइपात बारा गेलं, ते मोजलं मी. अठरा राहतात.” थोडा वेळ ती काही बोलली नाही. “कौलं तापलेली होती ना आज्जी? ती प्यायली असतील. उद्या एक कौल कोरडं तोलते, मग भिजवून तोलते.”