जोत्यांवर उगवलेले रान

डिसेंबर उतरणीला लागला की यवतेश्वरचा घाट पहाटेच जागा होतो. गाड्यांच्या काचांवर दव साचलेले, मागच्या बाकावर मुले अजून अर्धी झोपेत, आणि कुणाच्या तरी मांडीवर दशम्या-चटणीचा डबा. मार्गशीर्षातले गुरुवार उजवून झाले, पौष लागला. पौषात लग्नेमुंजी नाहीत, त्यामुळे आहेराची धावपळ नाही, नाताळला जोडून चार दिवसांची सुट्टी हाताशी आहे, आणि वर्ष संपता संपता कुठेतरी जाऊन यावे ही ओढ आपल्याला सालाबादप्रमाणे लागलेलीच असते. कासच्या पठारावर या दिवसांत कुणी रेंगाळत नाही. सप्टेंबरात जिथे फुलांपेक्षा माणसेच जास्त दिसत होती, तिथे आता वाळलेले गवत वाऱ्यावर सळसळते. गाड्या तशाच पुढे बामणोलीला उतरतात. तिथे कोयना धरणाच्या शिवसागराचे निळे पाणी, काठाला टेकलेल्या लाँच, वासोट्याच्या परवान्यासाठी लागलेली रांग, आणि पलीकडे धुक्यात अर्धे बुडालेले कोयनेचे रान.

लाँच सुटते. फोटो काढून दमलेल्या एखाद्याने सुकाणूवरच्या माणसाला सहज विचारावे, "मामा, पाणी किती खोल असेल इथं?" आणि त्याने खोली सांगायची सोडून भलतेच सांगावे, "हितं खाली आमची भाताची खाचरं व्हती. आजा सांगायचा, पानी चढाय लागलं तवा मानसं निघाली, पन म्हातारी तेवढी रोज सांजंला काठावर यून बसायची." एवढे बोलून तो पुन्हा समोर बघू लागतो, आणि लाँचमधले गाणे कुणी न सांगताच थोडे हळू होते.

राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य हे शब्द कानावर पडले की आपल्या डोळ्यांपुढे माणसाचा पाय न लागलेले, आदिकाळापासून तसेच उभे असलेले रान येते. आपल्या सातारा-सांगलीच्या डोंगरात ते चित्र निम्मेच खरे. इथले पुष्कळसे रान घरांच्या जोत्यांवर उगवलेले आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कोयना अडली आणि जावळी-पाटणच्या खोऱ्यातली गावे उठली. कुणी सोलापूरकडच्या माळावर गेले, कुणी रायगड-ठाण्याकडे. पुढे वारणेवर चांदोलीचे धरण झाले. १९८५ साली कोयना आणि चांदोली ही दोन अभयारण्ये जाहीर झाली, एक ४२३ चौरस किलोमीटरचे, दुसरे ३१७चे. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आकाराला आला, आणि २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ स्थळे जागतिक वारशात घेतली तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या चार नावांत कास, कोयना आणि चांदोली ही आपली तीन होती. चौथे राधानगरी.

या तारखा आपण अभिमानाने सांगतो, सांगाव्यातही. मात्र दर तारखेच्या पाठीला कुणाच्या तरी दाराची कडी अडकवल्याचा आवाज आहे. मणदूरच्या बाजूने चांदोलीत शिरलो की झोळंबीचा सडा लागतो; आज ते गवे दिसण्याचे ठिकाण, एके काळी झोळंबी हे नांदते गाव होते. रुंदीव, निवळे ही नावेही आता वनखात्याच्या नकाशावर उरली आहेत. एका ठिकाणाला 'जनीचा आंबा' म्हणतात. कोण ही जनी, हे तिथे उतरणाऱ्या शंभरातले नव्याण्णव जण विचारत नाहीत. गाव उठले, उंबरे गेले, रानाने आपली जागा परत घेतली, तरी एका बाईचे नाव आंब्याच्या आधाराने तग धरून राहिले. वंशावळीत बाईचे नाव सापडत नाही आणि जंगलात सापडते, याचे मनातल्या मनात नवल वाटते.

वासोट्याची गोष्ट याहून निराळी. तिथे नाव होते आणि नावाचा धनी नव्हता. शिवरायांनी या किल्ल्याला व्याघ्रगड म्हटले. पण व्याघ्र प्रकल्प झाल्यानंतरही कित्येक वर्षे वाघ म्हणजे चिखलातला एखादा ठसा आणि रानवाटेवरची विष्ठा एवढाच पुरावा होता. २०१८च्या मे महिन्यात चांदोलीत लावलेल्या कॅमेऱ्यासमोरून तो एकदाचा गेला. त्यानंतर पुन्हा शांतता. २०२३च्या डिसेंबरात आणखी एक नर टिपला गेला, जो आधी राधानगरीत दिसलेला होता. म्हणजे डोंगरधारेने, गावे आणि घाटरस्ते चुकवत तो आपल्या पायांनी इथवर आला होता. नर असे येत राहतात, लांबचा पल्ला मारतात, आणि जोडीण नसली की निघूनही जातात. म्हणून २०२५च्या नोव्हेंबरात विदर्भातल्या ताडोब्याहून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. पानगळीच्या रानात वाढलेल्या त्या जिवाला आपला पाऊस सोसायचा आहे. वारणेच्या उगमाकडच्या पाथरपुंजला एका पावसाळ्यात सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेलेला आहे. तिकडे जून ते सप्टेंबर आभाळ दिसत नाही म्हटले तरी चालेल. ती रुळेल का, याचे उत्तर पुढच्या काही पावसाळ्यांत कळेल. सुट्टीत जीपमधून दोन तास फिरून वाघ दिसला नाही म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवायला हरकत नाही.

दिवाळीचा पहिला दिवा आपण वसुबारसेला गाय-वासरासाठी लावतो. त्याच तिथीला अकोले-इगतपुरीकडचे महादेव कोळी वाघबारस करतात आणि वाघोबाला नैवेद्य ठेवतात. एकाच संध्याकाळी गाईलाही ओवाळायचे आणि गाईवर ज्याचा डोळा त्यालाही हात जोडायचे, एवढा मोठा संसार आपल्या रीतीने पूर्वीच मांडून ठेवला आहे. आपल्या घाटावरच्या देवरायांतही हेच. तिथली पडलेली काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही, हे कुणी फलकावर लिहिले नव्हते. वासोट्याच्या पायथ्याला मेट इंदवलीच्या चौकीत वनरक्षक पिशव्या उघडून प्लास्टिकच्या बाटल्या मोजतात, परत येताना पुन्हा मोजतात, आणि आपल्यातलेच काही जण त्यांच्याशी हुज्जत घालतात. देवळात चपला बाहेर काढताना कधी हुज्जत घातल्याचे आठवत नाही.

आणि हे रान लांबचे, आपले काय त्यात, असे तरी कोणत्या तोंडाने म्हणावे? कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, ते पाणी पुढे सांगलीत आयर्विन पुलाखालून जाते, आणि हरिपूरला संगमेश्वराच्या पायाशी वारणा त्याला येऊन मिळते. सांगलीच्या बाजारात येणारी हळद, तासगावकडची द्राक्षे, वाळव्याचा ऊस, आणि १,९६० मेगावॅट क्षमतेच्या कोयना प्रकल्पाची वीज, या साऱ्यांची मुळे त्या ओल्या डोंगरात आहेत. ते डोंगर ज्यांनी रिकामे केले त्यांतल्या पुष्कळांच्या पुनर्वसनाच्या मागण्या अजून मोर्च्यांमधून ऐकू येतात. जे काठावर राहिले त्यांच्या भातात आणि नाचणीत रात्री गवे शिरतात. पंचनामा होतो, भरपाई मिळते तीही यथावकाश.

तेव्हा या वर्षअखेरीला जायचे ते पाहुणे म्हणून जायचे, असे आम्हाला वाटते. पाहुणा यजमानाच्या अंगणात कर्णे लावत नाही, थर्टीफर्स्टच्या रात्री तळ्याकाठी तंबू ठोकून आकाशात फटाके सोडत नाही, आणि रिकाम्या हातानेही येत नाही. बामणोली-तापोळ्याकडे किंवा मणदूरला एखाद्या घरी उतरावे, चुलीवरची भाकरी आणि नाचणीची आंबील मागून घ्यावी, वाटाड्या म्हणून गावातलाच पोरगा घ्यावा आणि त्याच्याशी घासाघीस करू नये. मॉलमध्ये हजार रुपये विचार न करता देणारे आपण, नाववाल्याच्या पन्नास रुपयांवर अडून बसतो. ही खोड जुनी आहे. पोरगा बोलका निघाला तर भेकराचा ठसा आणि सांबराचा ठसा यांतला फरक तो बोटाने मातीत काढून दाखवील. तेवढ्यावर सुट्टी वसूल झाली म्हणावे.

ज्यांना घाट चढणे होत नाही, त्यांच्यासाठी देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वर आहे. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचे अभयारण्य, तेही माणसाने राबून उभे केलेले. उघड्याबोडक्या टेकड्यांवर धों. म. मोहिते यांच्यासारख्या वृक्षवेड्याने ध्यास घेतला आणि खडकात झाडे धरली. आज संध्याकाळी तिथे चितळांचे कळप पाण्यावर येतात. वर पश्चिमेला गावे उठून रान झाले, इथे माळावर माणसांनी रान वसवले. एकाच जिल्ह्यात या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत, आणि शाळेच्या सहली मात्र अजून वॉटर पार्कला जातात.

सुट्टीचे हे दिवस गळिताच्या हंगामाचेही आहेत. कराड-शिराळ्याच्या शिवारात ऊसतोड ऐन भरात असते, आणि अधूनमधून एखाद्या फडात कोयता थबकतो. पाचटात बिबट्याची दोन-तीन पिल्ले, डोळेही नीट न उघडलेली. बातमी गावभर होते, वनखात्याची माणसे येतात, पिल्ले तपासतात आणि दिवस मावळताना त्याच फडात, सापडली त्याच जागी, एका क्रेटमध्ये ठेवतात. टोळी कोयते उचलून दुसऱ्या टोकाला जाते, राहिलेला ऊस तसाच उभा राहतो. कारखान्याची गाडी भरायची खोळंबते, मुकादम चरफडतो, तरी त्या रात्री फडाकडे कुणी बॅटरी मारत नाही. आडोशाला लावलेल्या कॅमेऱ्यात पहाटे कधीतरी त्यांची आई येते, क्रेट हुंगते, एकेक पिलू तोंडात धरून उसात शिरते. सकाळी क्रेट आडवा पडलेला असतो, आत थोडे पाचट.