दंतवैद्याच्या खुर्चीची धास्ती

पेढीवर लाखोंचे व्यवहार निर्धास्तपणे करणारे गृहस्थ दाढ ठणकू लागली की लवंग धरून पंधरवडा काढतात, परंतु दंतवैद्याची पायरी चढत नाहीत. या भीतीला भित्रेपणा म्हणून हसणे अन्यायाचे आहे. अमेरिकेतील नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये ती मोजण्यासाठी चार प्रश्नांची मोजपट्टी सिद्ध केली. त्यांतील एकही प्रश्न प्रत्यक्ष वेदनेचा नाही. उद्या जायचे आहे, बाहेर बसलो आहोत, डॉक्टर यंत्र सज्ज करीत आहेत, दात साफ करण्याची हत्यारे काढीत आहेत. चारही प्रश्न प्रतीक्षेचे!

लहानपणीचा एखादा कटू अनुभव हे या भीतीचे नेहमीचे मूळ. शिवाय उताणे पडून, तोंड उघडे ठेवून बोलताही न येणे ही असहायता असतेच. यंत्राची घरघर आणि दवाखान्यातील तो लवंगतेलासारखा वास यांनी तर दारातच छाती धडधडू लागते.

मात्र व्यापारी कुटुंबांत दोन कारणे अधिक खोल असावीत. पहिले लाजेचे. वर्षानुवर्षे सुपारी चघळलेले दात दाखवून बोलणी कोण खाणार? दुसरे खर्चाचे. भाव ठरविल्याविना माल न उचलणाऱ्या माणसाला आकडा ठाऊक नसताना खुर्चीत बसणे जड जाते.

या टाळाटाळीला चक्रवाढ व्याज लागते. दाताच्या वरच्या कठीण आवरणात संवेदना नसते. म्हणून कीड आरंभी दुखत नाही. दुखू लागेपर्यंत ती बहुधा आत उतरलेली असते. मग एका बैठकीत भरून निघाला असता असा दात मुळापर्यंतचे उपचार आणि वर टोपी मागतो. उपचार मोठा, म्हणून धास्तीही मोठी.

पहिली भेट केवळ तपासणीची ठेवून खर्चाचा अंदाज लेखी मागावा. त्यात संकोच कसला? डावा हात वर केला की काम थांबवायचे, एवढे डॉक्टरांशी आधीच ठरवून घेतल्यास असहायता पुष्कळ ओसरते. आणि घरातील आजी-आजोबांनी नातवाला ‘दंगा केलास तर डॉक्टर सुई टोचतील’ हा धाक घालणे आजपासूनच बंद करावे.