खोडकिडीचा संसार

धान निसवू लागले म्हणजे हिरव्या बांधीत मधूनच एखादी लोंबी पांढरीफटक, ताठ उभी दिसते. ओढताच ती हाती येते. आत दाणा नसतो. हीच पळींज. तोच घाव फुटवे येताना बसला, तर मधली सुरळी वाळते. तिला गाभेमर म्हणतात. दोहोंचे कारण एकच, पिवळी खोडकिडी. तेलंगणातील बेज्जूरच्या शिवारात काय किंवा प्राणहितेपलीकडे गडचिरोलीच्या बांधीत काय, धान पिकविणाऱ्याचा हा जुना वैरी आहे. त्याला आवर घालावयाचा, तर प्रथम त्याचा संसार जाणून घेतला पाहिजे.

मादी पतंग पिवळी असून तिच्या पुढच्या प्रत्येक पंखावर एकेक काळा ठिपका असतो. ती काही खात नाही व थोडेच दिवस जगते. रात्री ती एक गंध सोडते. त्याच्या मागावर नर येतो. नंतर पानाच्या शेंड्याजवळ ती पुंजक्यांनी एकूण शंभर ते दोनशे अंडी घालते व आपल्याच अंगावरचे पिंगट केस त्यांवर पांघरते. आठवडाभरात अळ्या निघतात, रेशमी धाग्याला लोंबकळत वाऱ्याबरोबर शेजारच्या चुडांवर जातात आणि बहुधा एका खोडात एकच, याप्रमाणे शिरतात.

आता एक हिशेब करून पाहा. दीडशे अंड्यांतून पंधराच अळ्या जगल्या असे धरू. त्यांत सात माद्या निघाल्या, तर पुढल्या पिढीत शंभरावर खोडे पोखरली जातील. म्हणून एक पिढी वाढणे ही साधी गोष्ट नव्हे.

आणि हवामानाचा संबंध नेमका येथेच येतो. कीटकाला स्वतःची ऊब नसते. हवेच्या उबेवर त्याची वाढ चालते. या अंड्यांची वाढ सुमारे १३ अंश सेल्सियसला सुरू होते व ३० अंशांपर्यंत वेग घेते. ३५ अंशांवर मात्र अळी कवचातच मरते. १२ अंशांखाली लहान अळीला कात टाकता येत नाही. आसिफाबादच्या मुलुखात हिवाळ्यात काही रात्री पारा १० अंशांखाली उतरतो. ती थंडी म्हणजे शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदारच होय! परंतु २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान १८५०–१९०० च्या मानाने सुमारे १.१ अंशाने अधिक होते. हिवाळा सौम्य झाला आणि त्यातच उन्हाळी धानही उभे असले, तर किडीला ऊब व अन्न दोन्ही मिळतात.

हवा आपल्या हाती नाही, बांधी आहे. रोवणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडावेत, म्हणजे त्यांवरील अंडी शेतात जात नाहीत. खुडलेले शेंडे बांधीबाहेर न्यावेत. कापणी बुडाशी करून धसकटे लगेच नांगरावीत, कारण अळी तेथेच हिवाळा काढते. कामगंध सापळ्यांनी पतंगांचा सुगावा लागतो. ट्रायकोग्रामा नावाची इवलीशी गांधीलमाशी किडीच्या अंड्यांतच आपली अंडी घालते. वाटेल तेव्हा विषारी फवारा मारल्यास हा मित्रच आधी मरतो. लोंबी पांढरी पडल्यावर केलेली फवारणी तर निव्वळ पैशाचा नाश आहे.

शेंडे खुडण्याचे काम घरातील लहानथोर सर्वांना जमण्यासारखे आहे. त्यास पैसा लागत नाही. वेळेवर जाग मात्र लागते.