नवी तालिकासंहिता आणि मराठी ग्रंथकारांची नावे

३१ मार्च २०१३ पासून अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाने आपल्या नव्या ग्रंथनोंदी वेगळ्या नियमांनुसार करण्यास सुरुवात केली. तोपर्यंत तेथे १९७८ साली प्रसिद्ध झालेली, ग्रंथपालांच्या व्यवहारात ‘एएसीआर-२’ या नावाने ओळखली जाणारी संहिता प्रमाण मानली जात होती. तिची जागा ‘रिसोर्स डिस्क्रिप्शन अँड अ‍ॅक्सेस’, म्हणजेच ‘आरडीए’ या संहितेने घेतली. ही नवी संहिता जून २०१० मध्येच प्रसिद्ध झाली होती. परंतु आधी तिची चाचणी घेण्यात आली, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण झाले आणि मगच ती लागू झाली. एवढ्या साधनसंपन्न ग्रंथालयालाही पुस्तकाची नोंद करण्याची रीत बदलण्यासाठी पावणेतीन वर्षे लागली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडील विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतही या बदलाची तयारी कोठे सुरू आहे, तर कोठे नुसतीच चर्चा आहे.

मराठीच्या विद्यार्थ्याचा याच्याशी काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. नियमित महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी फडताळांमधून रोज हिंडतो, शेजारचे पुस्तक सहज उचलतो, प्राध्यापकांना विचारतो. आपली स्थिती तशी नाही. नोकरी, शेती किंवा घर सांभाळून आपण सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रात किंवा गावच्या वाचनालयात पोहोचता, तेव्हा हाताशी तास-दोन तास असतात. त्या वेळात पुस्तक सापडले तर सापडले. ग्रंथतालिका ही आपल्यासाठी सोय नसून ग्रंथसंग्रहात शिरण्याचे एकमेव दार आहे. तालिकेत जे सापडत नाही, ते आपल्यापुरते ग्रंथालयात नाहीच.

नव्या संहितेतील काही बदल वरवरचे आहेत; त्यांचा उल्लेख थोडक्यात पुरे. जुन्या नोंदींत संक्षेपांची रेलचेल असे. प्रकाशनस्थळ किंवा प्रकाशक कळत नसेल तर लॅटिन शब्दांची आद्याक्षरे लिहीत. आता शब्द पूर्ण लिहायचे, आणि मुखपृष्ठाच्या आत शीर्षकपानावर जसे छापले असेल तसेच उतरवायचे. ‘दुसरी आवृत्ती’ असे छापलेले असेल तर नोंदीतही ‘दुसरी आवृत्ती’. सामान्य वाचकाला नोंद कळावी, हा त्यामागील हेतू योग्यच आहे.

तीन लेखकांच्या नियमाचे प्रकरण अधिक महत्त्वाचे. एखाद्या पुस्तकाचे लेखक तीनपेक्षा अधिक असतील, तर जुन्या संहितेनुसार केवळ पहिल्याचे नाव नोंदवून बाकीच्यांची ‘व इतर’ म्हणून बोळवण होत असे. छापील कार्डावर जागा कमी होती, त्या काळची ही अडचण. संगणकाला ती नाही, म्हणून आरडीएने हे बंधन काढून टाकले. मात्र त्याच वेळी पहिल्याखेरीज इतरांची नावे देणे तिने सक्तीचेही केलेले नाही. तो निर्णय तालिकाकाराच्या विवेकावर सोपवला आहे. घाईत असलेला तालिकाकार आजही चौथ्या लेखिकेचे नाव गाळू शकतो, आणि आता त्याला तसे करायला नियमाने भाग पाडले असे म्हणण्याचीही सोय उरलेली नाही.

मराठीच्या दृष्टीने खरा कस लागतो तो नावांच्या बाबतीत. राम गणेश गडकरी यांचेच उदाहरण घ्या. नाटके त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाने. आरडीएची भूमिका अशी, की एकच व्यक्ती वेगवेगळ्या नावांनी लिहीत असेल, तर प्रत्येक नाव ही स्वतंत्र ओळख मानावी, प्रत्येकाखाली त्या-त्या नावाचे ग्रंथ नोंदवावेत आणि ही सर्व नावे ‘हेही पाहा’ अशा जोडनोंदींनी एकमेकांना बांधावीत. (ही कल्पना अगदी नवी नाही, आधीच्या संहितेतही ती काही प्रमाणात होती.) मराठी वाङ्मयाला ही भूमिका मानवणारी आहे. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचे, असेच आपण म्हणतो.

पण जोडनोंदी केल्याच नाहीत तर? तर ‘गडकरी’ हे नाव टंकून शोधणाऱ्या विद्यार्थ्यापुढे ‘एकच प्याला’ येईल, ‘वाग्वैजयंती’ येणार नाही; आणि स्वाध्याय लिहिताना गडकऱ्यांच्या कवितेचे पुस्तक ग्रंथालयात नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होईल. पुस्तक मात्र चार हातांवर उभे असेल. म्हणून माझे मत असे, की मराठी ग्रंथालयांनी नव्या संहितेची तयारी नियमांच्या पाठांतराने नव्हे, तर नावांच्या प्रमाणसूचीने सुरू करावी. प्रत्येक ग्रंथकाराचे प्रमाण नाव, टोपणनावे, विवाहापूर्वीचे व नंतरचे नाव, आद्याक्षरी रूप आणि ही सर्व रूपे जोडणाऱ्या नोंदी, हे सारे देवनागरीत. हे काम झाले नाही, तर संहिता बदलूनही केवळ रकान्यांचे क्रमांक बदलतील.

लिपीचा मुद्दा मुद्दामच मांडतो आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतील कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके मिळवीत आले आहे. त्यामुळे असंख्य मराठी पुस्तके अमेरिकी विद्यापीठांच्या संग्रहांत पोहोचली, याबद्दल कृतज्ञच राहिले पाहिजे. मात्र तेथील नोंदींत दीर्घकाळ रोमन लिप्यंतराचाच आधार घेतला गेला. त्या पद्धतीत व्यंजनातील ‘अ’ उच्चारात नसला तरी लिहितात. त्यामुळे ‘शिरवाडकर’ या नावातील ‘र’, ‘ड’ आणि शेवटचा ‘र’ या प्रत्येकापुढे एक स्वर येऊन बसतो. आपल्याकडील ग्रंथालयांत हेच नाव कोणी व्ही घालून लिहितो, कोणी डब्ल्यू घालून. एका लेखकाची अशी तीन-चार रूपे झाली, की संगणकाच्या लेखी ते तीन-चार लेखक होतात. ग्रंथाचे नाव पुस्तकावर ज्या लिपीत आहे त्याच लिपीत उतरवावे, असे नवी संहिता सांगते. आज युनिकोड आहे. ‘कोहा’सारखी मुक्त प्रणाली आणि ‘सोल’ किंवा ‘ई-ग्रंथालय’ यांसारख्या आपल्याकडे तयार झालेल्या प्रणाली देवनागरी हाताळतात. मराठी पुस्तकाची नोंद केवळ रोमन लिपीत करण्याचे कोणतेही सबळ कारण आता उरलेले नाही.

तथापि ‘दिसते तसे उतरवा’ या नियमाला मराठीत एक अडचण आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी छापलेल्या पुस्तकांत अनुच्चारित अनुस्वार विपुल आढळतात. हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीच्या नावात ‘लक्षांत’ असा अनुस्वार होता. आपण शोधताना ‘पण लक्षात कोण घेतो’ असे टंकणार. नोंद नियमाप्रमाणे अचूक आणि शोध मात्र निष्फळ, असा प्रकार होऊ शकतो. उपाय सोपा आहे: आजच्या लेखनाप्रमाणे शीर्षकाचे पर्यायी रूप त्याच नोंदीत द्यावे. संहितेत त्याला पूर्ण मुभा आहे. पण मराठीचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसालाच ते सुचेल.

आरडीएचा पाया ज्या विचारावर उभा आहे, तो वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला विशेष जवळचा वाटावा. ग्रंथाकडे ती चार पातळ्यांवर पाहते: मूळ कृती, त्या कृतीचा विशिष्ट पाठ किंवा अनुवाद, त्या पाठाचे विशिष्ट प्रकाशन आणि आपल्या हातातील प्रत. ‘ज्ञानेश्वरी’ ही एक कृती. ‘भावार्थदीपिका’ हे तिचेच दुसरे नाव. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेला पाठ वेगळा, वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेला पाठ वेगळा. या प्रत्येक पाठाची अनेक प्रकाशने, आणि त्यांपैकी एकाची जीर्ण प्रत आपल्या गावच्या वाचनालयात. पाठचिकित्सेच्या घटकात आपण जे शिकता, तेच येथे नोंदीच्या रूपाने मांडले आहे. आज बहुतेक तालिकांत ‘ज्ञानेश्वरी’ शोधली की पाठ, प्रवचने, सुलभ रूपांतरे आणि मुलांसाठीच्या गोष्टी एकाच रांगेत येतात. कोणता पाठ कोणाचा, हे तेथे कळत नाही, आणि मग निबंधातील ओवीक्रमांक जुळत नाहीत.

या साऱ्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. आरडीएचे अधिकृत साधन वर्गणी भरून वापरावे लागते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणारी ‘ड’ वर्गातील ग्रंथालये मासिकांची वर्गणीसुद्धा ओढाताण करून भरतात. तेथील ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर काम करतात. त्यांना इंग्रजी संहिता विकत घ्यायला सांगणे ही थट्टा होईल. परंतु नावांच्या सूचीला हा आक्षेप लागू होत नाही. ती एकदा एका ठिकाणी तयार करून सर्वांना विनामूल्य देता येते. डॉ. रंगनाथन यांनी १९३४ साली ‘क्लासिफाइड कॅटलॉग कोड’ प्रसिद्ध केला. तालिकेचे नियम परदेशातून जसेच्या तसे आणले पाहिजेत असे नाही, हे या देशात तेव्हाच सिद्ध झाले आहे. राज्यातील विद्यापीठांचे मराठी विभाग आणि ग्रंथालयशास्त्र विभाग यांनी मिळून हे काम अंगावर घ्यावे. एकट्या ग्रंथपालावर ते टाकणे अन्यायाचे आहे. टोपणनावामागचा लेखक ओळखणे हे वाङ्मयेतिहासाचे काम आहे.

आणि त्यात आपलाही वाटा असू शकतो. स्वाध्यायासाठी एखाद्या ग्रंथकाराचा अभ्यास करताना त्याची सर्व नावे, त्या नावांखालील पुस्तके आणि हाती आलेल्या आवृत्तीच्या शीर्षकपानावरील मजकूर एका कागदावर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. मग आपल्या ग्रंथालयाच्या तालिकेत ती प्रत्येक नावे शोधून पाहावीत. जेथे पुस्तक असूनही नोंद सापडली नाही, तेथे त्या कागदाची एक प्रत ग्रंथपालांकडे द्यावी. बहुतेक ग्रंथपाल ती ठेवून घेतात.