पेटलेले तळे आणि शहराची रसद

१९ जानेवारी २०१८ रोजी बंगळुरूतील बेळ्ळंदूर तळ्याला आग लागली. तळ्याला आग, हे ऐकायला विचित्र वाटते, पण ती विझवायला अग्निशमन दलाच्या जोडीला लष्कराचे सुमारे ५,००० जवान उतरले होते. तळ्याला लागूनच आर्मी सर्व्हिस कोअरचे केंद्र आहे, तिथलेच हे जवान. पंप, बादल्या, ओल्या फांद्या, जे हाताशी आले ते घेऊन ते धुरात राबले.

आर्मी सर्व्हिस कोअर ही सैन्याची रसद सांभाळणारी शाखा आहे. अन्न, इंधन, वाहतूक यांचा हिशेब तिच्याकडे असतो. या शाखेच्या जवानांना शहराचे तळे विझवावे लागले, यातच एक धडा आहे. प्रत्येक शहराचीही एक रसद असते. पाणी, माती, हवा आणि सावली ही ती रसद. कारखाने, कार्यालये, बाजार हे सगळे तिच्यावर चालते. मात्र तिचे बिल येत नाही, म्हणून ती फुकट आहे असे आपण धरून चालतो. माझ्या मते आपल्या अर्थव्यवस्थेची सर्वांत मोठी चूक हीच आहे.

पाणी पेटते कसे, हे आधी समजून घेऊ. बेळ्ळंदूर हे बंगळुरूचे सर्वांत मोठे तळे, सुमारे ९०० एकरांचे. एकेकाळी त्याच्या पाण्यावर भात पिकत असे आणि मासेमारी चालत असे. शहर वाढले तसे घराघरांतले सांडपाणी आणि काही कारखान्यांचे पाणी प्रक्रिया न होता त्यात येऊ लागले. मैल्यातील नत्र आणि स्फुरद म्हणजे वनस्पतींचे खतच. त्यामुळे जलपर्णी आणि गवत माजले. ते वाळले, वर कचरा पडला, खाली कुजणाऱ्या गाळातून ज्वलनशील वायू निघू लागला. मग एक ठिणगी पुरते. कपडे आणि भांडी धुण्याच्या पावडरींमधील रसायनांमुळे याच तळ्यातून फेसही उसळत असे आणि वाऱ्याने रस्त्यावर उडत असे. म्हणजे ही आग कुणा एका खलनायकाने लावलेली नव्हती. लाखो घरांच्या मोऱ्यांतून ती थोडी थोडी जमा झाली होती.

खरे तर बंगळुरू हे तळ्यांमुळेच उभे राहिलेले शहर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, जवळ बारमाही मोठी नदी नाही. १५३७ मध्ये केंपेगौडांनी इथे पेठ वसवली. उतारावर बांध घालून पाणी अडवायचे, एक तळे भरले की पाटाने पाणी खालच्या तळ्यात सोडायचे, ही इथली जुनी रीत. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या स्वारीनंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हाही इथली शेती आणि पेठ तळ्यांच्याच आधारावर होती. तळे फुटले तर महसूल बुडतो, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना शिकवावे लागत नव्हते. निसर्ग आणि अर्थकारण एकाच वहीत लिहिले जात होते.

पुढे पाणी नळाने लांबून येऊ लागले आणि वह्या वेगळ्या झाल्या. आज कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळपास ५०० मीटर उंच चढवून शहरात आणले जाते. नळ सुटला की तळ्याची आठवण राहत नाही. मग तळ्याची जागा म्हणजे मोकळा प्लॉट आणि पाट म्हणजे गटार, असे दिसू लागते. भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी उपग्रह चित्रांवरून काढलेल्या हिशेबानुसार १९७३ पासूनच्या काही दशकांत शहरातील जलाशयांचे क्षेत्र सुमारे ७९ टक्क्यांनी आणि हिरवाई सुमारे ८८ टक्क्यांनी घटली.

या वाढीने दिलेही खूप, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. सरकारी कारखाने, संशोधन संस्था आणि नंतर संगणक क्षेत्र यांनी लाखोंना रोजगार दिला. कोल्हापूर, बेळगाव, सोलापूर, पुणे येथून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे याच रोजगारावर इथे स्थिरावली. हे पान वाचणारे काही पालकही त्यांत असतील. म्हणून "उद्योग नकोत" असे म्हणण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की उद्योग ज्या रसदीवर चालतो तिचा हिशेब कोण ठेवणार?

हिशेब न ठेवल्याचे परिणाम उद्योगांनाही भोगावे लागले. २०२२ च्या पावसाळ्यात बेळ्ळंदूर आणि आउटर रिंग रोडचा परिसर पाण्याखाली गेला. पाट बुजलेले, तळी आक्रसलेली, मग पाणी जाणार कुठे? संगणक अभियंते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कामावर गेले. ३० ऑगस्टच्या एका दिवसात २२५ कोटी रुपयांचे नुकसान झाले, असे तिथल्या कंपन्यांच्या संघटनेने सरकारला कळवले. त्यानंतर दीड वर्षाने, २०२४ च्या उन्हाळ्यात, त्याच शहरात पाण्याचा दुष्काळ पडला. सुमारे १४ हजार सरकारी बोअरवेलपैकी जवळपास निम्म्या कोरड्या पडल्या. टँकरचे दर सरकारला ठरवून द्यावे लागले आणि पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला ५,००० रुपये दंड लागू झाला. पूर आणि दुष्काळ ही एकाच चुकीची दोन रूपे होती. पाऊस साठवणारी आणि जमिनीत मुरवणारी जागा आपण विकून टाकली होती.

आता बिल कुणी भरले ते पाहू. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१८ मध्ये बेळ्ळंदूर आणि परिसरातील तळ्यांच्या दुर्दशेसाठी कर्नाटक सरकारला ५० कोटी आणि बंगळुरू महापालिकेला २५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. हा पैसा शेवटी करदात्यांचाच. बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूर तळ्यातून पुढे दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. तमिळनाडूत होसूरजवळ केलवरपल्ली धरणाखाली याच नदीवर फेसाचे ढीग दिसले आहेत. तिथल्या शेतकऱ्याचा बंगळुरूच्या नफ्यात वाटा नाही, पण फेसात आहे. आणि तळ्याकाठचा धूर छातीत भरून घेतला तो जवानांनी. आपल्या शाळेत अनेकांचे वडील सैन्यात आहेत. सीमेवरचा धोका त्यांनी पत्करलेला असतो. शहराच्या निष्काळजीपणाचा धूर हा त्यांच्या कर्तव्याचा भाग नव्हता, तरी त्यांनी तो मुकाट्याने सोसला.

"आधी विकास होऊ द्या, पैसा आला की पर्यावरण सुधारू," असे पुष्कळ जण म्हणतात. गरीब देशाला हे पटण्यासारखेही वाटते. पण बेळ्ळंदूर त्याच्या उलट सांगते. तिथे आता सांडपाणी प्रक्रिया केंद्रे तर बांधावी लागतातच, शिवाय दशकानुदशके साचलेला गाळही उपसून ट्रकने वाहून न्यावा लागतो. सुरुवातीला एक खर्च होता, आता दोन झाले. उशिरा केलेली दुरुस्ती स्वस्त पडत नाही, हे कुठल्याही क्वार्टरमास्टरला विचारा.

चुकलेला हिशेब सुधारता येतो, याचीही उदाहरणे आहेत. जून २०१८ पासून बंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी शेजारच्या दुष्काळी कोलार जिल्ह्यात नेले जाऊ लागले. दिवसाला ४४ कोटी लिटरपर्यंत पाणी देण्याची ही योजना आहे. कोरडी तळी भरली, आजूबाजूच्या विहिरी-बोअरवेलना पाणी आले. प्रक्रिया आणखी एक पायरी पुढे न्यावी, नाहीतर भूजलच दूषित होईल, अशी तज्ज्ञांची हरकत आहे आणि ती रास्त आहे. पण दिशा योग्य आहे. जे पाणी बेळ्ळंदूरला पेटवत होते, तेच स्वच्छ करून दिले तर दुसऱ्याचे शेत पिकवते.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले, अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे. तिथे वर्षाला सरासरी सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे बंगळुरूच्या निम्म्याहूनही कमी. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने डोंगरावर चर खणले, झाडे लावली, चराईबंदी केली आणि शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर बंदी घातली. दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाणी किती आहे ते पाहून पीक ठरवतात. कामासाठी गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. छोट्या गावाला जे जमते ते महानगराला तसेच जमणार नाही, हे मान्य. पण आधी मोजायचे आणि मग खर्च करायचे, हा नियम गावाला आणि शहराला सारखाच लागू आहे.

म्हणून माझे म्हणणे असे. नवीन वसाहत, कारखाना किंवा कार्यालय उभे करण्याची परवानगी देताना दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर हवीत. पाणी कुठून येणार आणि वापरलेले पाणी कुठे जाणार? जो वापरतो त्यानेच स्वच्छ करण्याचा खर्च सुरुवातीलाच उचलावा. असे झाले तर घरे आणि वस्तू थोड्या महागतील. पण तीच त्यांची खरी किंमत असेल. आजची स्वस्ताई कुणीतरी दुसरा भरतो आहे.

कॅडेट मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या अधिकारी व्हाल. एखाद्या छावणीची जमीन, पाणी आणि झाडे तुमच्या ताब्यात येतील. सवय आजपासून लावता येईल. आपल्या मेसमध्ये आणि वसतिगृहात दिवसाला किती पाणी लागते, ते एका महिन्यासाठी रोज मोजून फलकावर लिहा. भांडी-कपडे धुतलेले पाणी नेमके कुठे जाते, तो पाट शोधून नकाशावर काढा. पालकांनीही आपापल्या सोसायटीच्या सभेत हेच विचारावे: आपले सांडपाणी प्रक्रिया यंत्र खरोखर चालू आहे का? पुढच्या अंकात या पानावर आपल्या शाळेच्या पाण्याचा पहिला ताळेबंद छापलेला पाहायला मला आवडेल.