तीन मिनिटांत सांगा, आईला कळेल असं सांगा



मागच्या वर्षी माझ्या आतेभावाची पीएच.डी.ची मौखिक परीक्षा होती. आम्ही घरचे मागच्या रांगेत बसलो होतो. पाऊण तास स्लाइडवर स्लाइड. बाहेर आल्यावर आत्याने विचारलं, "इतकी वर्षं नेमकं काय केलंस रे?" तो हसून म्हणाला, "आई, तुला नाही कळायचं ते."

आत्याने डेअरीला दूध घालून त्याची फी भरली आहे. मला ते वाक्य लागलं.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली 'थ्री मिनिट थिसिस' ही स्पर्धा सुरू केली. तेव्हा तिथे दुष्काळ होता. अंघोळ लवकर आटपावी म्हणून लोकांनी न्हाणीघरात तीन मिनिटांची छोटी घड्याळं ठेवली होती, त्यावरून ही कल्पना सुचली. आता कितीतरी देशांतली विद्यापीठं ती घेतात. ८०,००० शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला नऊ तास लागतील, इथे मिळतात तीन मिनिटं. एकच स्लाइड, तीही न हलणारी. व्हिडिओ नाही, वस्तू दाखवायची नाही, कविता-गाणं नाही. वेळ ओलांडली की बाद!

काहीजण म्हणतात, अशाने संशोधनाची जाहिरात होते, बोलका असेल तो जिंकतो. यात थोडं तथ्य आहे. बुजरा मुलगा चांगलं काम करूनही मागे पडू शकतो. पण परीक्षक नुसती बोलण्याची ऐट बघत नाहीत. अवघड शब्द उलगडून सांगितले का, आणि सोपं करताना विषय उथळ तर केला नाही ना, हेही बघतात. माझ्या मते खरी कसोटी तीच. अवघड शब्दांच्या आड लपता येतं, सोप्या शब्दांत मात्र आपल्याला किती कळलंय ते लगेच उघडं पडतं.

आणि ही सवय लावतो कोण? आपणच. माझ्या पाचवीच्या वर्गातल्या एका मुलीने भाषणात म्हटलं, "जलसंधारण ही काळाची गरज आहे." मी विचारलं, "जलसंधारण म्हणजे काय गं?" ती गप्प. भाषण तिला मीच लिहून दिलं होतं! मग म्हटलं, "बरं, तुमच्या शेतात पाणी कसं अडवतात?" तेव्हा बांध, चर, दगड रचायची पद्धत, सगळं घडाघडा सांगितलं. बक्षीस मात्र पाठांतराला मिळालं होतं. तेही मीच दिलेलं.

आतेभावाचं काम खतांमधलं नायट्रेट भूजलात कसं झिरपतं यावर आहे. दिवाळीत मी मोबाइलवर तीन मिनिटं लावली आणि त्याला आत्यासमोर बसवलं. बिचाऱ्याला घाम फुटला. तीनची सात मिनिटं झाली, 'लीचिंग' शब्द चारदा आला, शेवटी त्याने चहाच्या गाळणीत माती घेऊन, वर मीठ टाकून पाणी ओतून दाखवलं. स्पर्धेत बाद झाला असता.

आत्या गाळणीखालच्या वाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आपण उसाला युरिया टाकतो, तो विहिरीत उतरतो होय? मग त्या पाण्याचं काय?"

त्यावर दोघं तासभर बोलत होते.