पाचवी, सातवी, नववी : निबंध एकच

लातूर पॅटर्नबद्दल बोलताना शिकवण्या आणि गुणवत्ता यादीच जास्त आठवते. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी नाव मिळवलं त्यामागं आणखी एक गोष्ट होती. अभ्यासक्रम कधी संपवायचा, चाचण्या कधी, उजळणी कधी, हे आधी ठरायचं आणि सगळे प्राध्यापक ते पाळायचे. ही शिस्त अकरावी-बारावीपुरती राहिली. पहिली ते दहावीच्या शाळांनी ती कधी मनावर घेतलीच नाही.

पाण्याचंच घ्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातुरात मूल पाचवीत ‘पाण्याचे महत्त्व’ लिहितं, सातवीत तेच लिहितं आणि नववीतही तेच. प्रत्येक शिक्षक आपल्यापुरता बरोबर शिकवतो. पण खालच्या वर्गात काय झालं, हे त्याला कुणी सांगत नाही. सगळे एकत्र बसले, तर पाचवीत घरात रोज किती पाणी लागतं ते मुलं लिटरमध्ये मोजतील. सातवीत गावातल्या विहिरीची पातळी महिन्या-महिन्याला मोजून आलेख काढतील. नववीत मांजरा धरण आणि ऊस यांच्यावर पुराव्यानिशी वाद घालतील. त्यात गणित, विज्ञान, भूगोल, मराठी सगळंच आलं.

नांदेडमध्ये अशा एकत्र आखणीची निकड जास्त आहे. देगलूर-बिलोलीच्या काही घरांत तेलुगू, किनवटकडं गोंडी, कोलामी, गोरमाटी बोलतात. अशा मुलांची मराठी कोणत्या इयत्तेत कुठवर न्यायची, हे एकट्या पहिलीच्या बाईंनी ठरवण्यासारखं नाही.

वार्षिक नियोजन, घटक नियोजन, टाचण हे सगळं आपल्याकडं लिहिलं जातंच. पण ते तपासणीसाठी. शेजारच्या वर्गातले गुरुजी ते वाचत नाहीत. उलट द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन वर्ग एकाच शिक्षकाकडं असतात, म्हणून मुलाचं कालचं शिक्षण त्याला ठाऊक असतं. मोठ्या शाळेला हे बैठकीतूनच साधावं लागेल. चौथीनंतर किंवा सातवीनंतर मूल जिल्हा परिषदेची शाळा सोडून संस्थेच्या शाळेत जातं, तिथं तर धागा पुरताच तुटतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोन्हीकडचे शिक्षक समोरासमोर बसवायला हवेत.

मुख्याध्यापकांना विनंती आहे : जूनमध्ये वेळापत्रक लावण्याआधी एक दिवस काढा. प्रत्येक शिक्षकाच्या हातात खालच्या इयत्तेचं टाचण द्या आणि यंदा निदान पाणी हा एक विषय पहिली ते दहावी सगळ्यांनी मिळून आखा.